तलवारीचा चित्रबंध

‘हॅक अँड स्लॅश’ ही संज्ञा जन्मापासूनच हिणकस आहे. १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून, फासे टाकून आणि मुख्यतः बोलून खेळावयाचा खेळ निघाला. पात्रांची भूमिका वठवणे, वाटाघाटी करणे, कोडी सोडवणे, अनोळखी प्रदेशातून वाट काढणे, ह्या सर्वांना त्यात स्थान होते. ज्या मंडळींना ह्यांपैकी कशाचीच मातबरी वाटत नसे आणि समोर येईल त्या राक्षसावर सपासप वार करीत पुढे जाण्यातच ज्यांना गोडी होती, त्यांच्या खेळण्याच्या रीतीला इतर खेळाडूंनी हे नाव दिले. पुढे ते व्हिडिओ गेमच्या एका प्रकाराला चिकटले आणि त्याबरोबर जुनी नापसंतीही आली. (‘डायाब्लो’सारखे, लूट गोळा करीत जाण्याचे खेळही ह्याच नावाने ओळखले जातात. त्यांचा न्याय वेगळा आहे. येथे विचार आहे तो तलवारीच्या हालचालीलाच मध्यवर्ती मानणाऱ्या खेळांचा.) एक नायक, एक दालन, चहूबाजूंनी येणारे शत्रू, हातात कंट्रोलर आणि त्यावर दहाबारा बटणे, एवढाच त्याचा बाह्य प्रपंच. दुरून पाहणाऱ्याला त्यात कापाकापीशिवाय काही दिसत नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही.

अशा खेळांना खरोखर काही खोली असते काय, असे साहित्याच्या अभ्यासकाला विचारले तर उत्तर बहुधा तयार असते. पृष्ठभागाखाली काही दडलेले असावे, वाच्यार्थ ओलांडून व्यंग्यार्थाकडे जाता यावे, ही त्याची खोलीविषयीची अपेक्षा; आणि राक्षसाचे दोन तुकडे होण्यात व्यंग्य ते काय असणार? मराठीत मात्र ‘खोली’ ह्या शब्दाचे दोन अर्थ नांदतात. विहिरीला असते ती एक आणि घराला असते ती दुसरी. साहित्यविचाराने नेहमी विहिरीचाच अर्थ उचलला. वरचे पाणी सारून तळ गाठायचा, आणि तळाशी सापडेल तेच खरे मानायचे. दुसऱ्या अर्थाने खोली म्हणजे जिच्यात शिरता येते, वावरता येते, जिथली प्रत्येक वस्तू अंधारातही हाताला सापडते अशी जागा. ह्या खेळांच्या बाबतीत विहिरीचा दोर सोडून देणेच श्रेयस्कर, कारण तो टाकला की हाती फार थोडे लागते.

हे किती थोडे असते ते पाहण्यासाठी ह्या प्रकाराचा आदर्श मानल्या गेलेल्या ‘डेव्हिल मे क्राय’ ह्या २००१ साली निघालेल्या जपानी खेळाकडे वळावे. त्याच्या नायकाचे नाव दांते. पांढरे केस, लांब लाल कोट, पाठीवर तलवार आणि दोन पिस्तुले बाळगणारा हा सैतानांचा शिकारी. त्याच्या जुळ्या भावाचे नाव व्हर्जिल. ‘दिव्हिना कॉमेदिया’त जो कवीचा वाटाड्या, तो येथे त्याचा प्रतिस्पर्धी आहे. २००५ सालच्या तिसऱ्या भागात सर्बेरस आहे, गेरिऑन आहे, बेओवुल्फही आहे. जुन्या इंग्रजी महाकाव्याचा हा नायक येथे एक अवाढव्य श्वापद असून, तो मेल्यावर त्याची हातापायांत चढवायची शस्त्रे होतात. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला येथे प्रभाव, स्वीकार, रूपांतर असे बरेच शब्द सुचतील. परंतु प्रामाणिकपणे पाहिले तर ही नावे बारशाला आलेल्या लांबच्या नातेवाइकांसारखी आहेत. नाव ठेवून, जेवून ती निघून जातात. दांतेच्या जागी दुसरे कोणतेही नाव असते तरी खेळाच्या गाभ्याला धक्का लागला नसता.

ह्याच्या उलट उदाहरण २०१० साली अमेरिकेत निघालेल्या ‘दांतेज इन्फर्नो’चे. त्याने कवीचा नरक खरोखरच एकेका वर्तुळाने उभा केला. दांतेला धर्मयोद्धा केले, मृत्यूशी लढून त्याचाच कोयता त्याच्या हाती दिला आणि बेआत्रिचेला सोडवायला पाताळात धाडले. वाटेत ऐतिहासिक पापात्मे भेटतात. त्यांना शासन करावे की क्षमा, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. आणि क्षमा केलीच तर पडद्यावर सरकणाऱ्या खुणांनुसार वेळेवर बटणे दाबायची, म्हणजे आत्मा मुक्त होतो. साहित्याचा आधार येथे पुष्कळ आहे. पण हातातल्या कोयत्याला स्वतःचे म्हणावे असे काही सांगायचे नाही. त्याच्या चाली पाच वर्षे आधीच्या ‘गॉड ऑफ वॉर’वरून घेतल्याचे उघड दिसते. तसेच ‘डायनॅस्टी वॉरियर्स’चे. चौदाव्या शतकातल्या ‘तीन राज्यांच्या कथे’सारखा अवाढव्य, राजनीतीने भरलेला चिनी ग्रंथ त्याच्या पाठीशी, आणि पडद्यावर एक सेनापती एकेका बटणासरशी पाचपंचवीस शिपाई उडवीत, हजाराचा आकडा गाठीत चाललेला. त्याचे चाहते पुष्कळ आहेत आणि त्यांचा आनंद खोटा नाही. पण तासाभराने त्या हातांना जे येते, त्याहून फारसे निराळे शंभर तासांनी येत नाही. साहित्यिक संपत्ती आणि खेळाची खोली ह्यांचा परस्परांशी संबंध असतोच असे नाही, इतके ह्यावरून म्हणायला हरकत नसावी.

मग खोली आहे तरी कोठे? ‘डेव्हिल मे क्राय’ची जन्मकथा ह्या दृष्टीने बोलकी आहे. कॅपकॉम ह्या जपानी कंपनीत तो ‘रेसिडेंट ईव्हिल’ ह्या भयखेळांच्या मालिकेतला चौथा भाग म्हणून सुरू झाला होता. हिदेकी कामिया यांच्या दिग्दर्शनाखाली तो मालिकेच्या प्रकृतीपासून इतका दुरावला, की त्याला स्वतंत्र नाव द्यावे लागले. त्याच कंपनीच्या ‘ओनिमुशा’ ह्या सामुराईंच्या खेळात, तो तयार होत असताना, एक दोष आढळला होता. शत्रूला वर उडवून तलवारीचे वार करीत राहिले की तो हवेतच राही. ‘ओनिमुशा’च्या दृष्टीने ही चूक होती; कामिया यांनी ती उचलली आणि तिच्यावर एक संपूर्ण युद्धरीती उभारली. विशिष्ट स्थळी दोषाचाही गुण होतो, हे अलंकारशास्त्राला ठाऊकच आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ह्या खेळात शत्रूला मारणे पुरेसे नसते. कसे मारले, ह्यावर पडद्याच्या कडेला एक अक्षर उमटते आणि ‘डी’पासून ‘एस’पर्यंत चढत जाते; तिसऱ्या भागात तर तीन ‘एस’ ओळीने येईपर्यंत. तोच वार पुनःपुन्हा केला की अक्षर चढेनासे होते. मार बसला की ते घसरते. नुसते उभे राहिले की विझते. पुनरुक्ती, स्खलन आणि शैथिल्य हे तीन दोष काव्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला नवे नाहीत. नवे एवढेच, की येथे ते यंत्र मोजते आणि तत्क्षणी सांगते. आणि ध्यानात घेण्याजोगे हे, की ह्या अक्षराची जिंकण्यासाठी गरज नसते. शत्रू साध्या, एकसुरी वारांनीही मरतो. दालनाचे दार तेव्हाही उघडते. म्हणजे उपयुक्ततेची रेषा जेथे संपते तेथून हा खेळ आपली खरी मागणी सुरू करतो.

ती मागणी काय स्वरूपाची आहे हे थोडे तपशिलात गेल्यावाचून कळणार नाही. प्रत्येक वाराचे तीन अवयव असतात: उगारणे, लागणे आणि सावरणे. ह्यांची मापे सेकंदाच्या साठाव्या भागांत बसवलेली असतात आणि ती बदलत नाहीत. सावरण्याचा काळ हा नायकाच्या दुबळेपणाचा. तेवढ्यात मागून कोणी आले तर इलाज नसतो. नवशिका एकामागून एक पूर्ण वार करतो; प्रत्येक वाक्य पूर्णविरामापर्यंत नेणाऱ्या शाळकरी निबंधासारखी त्याची लढाई असते. सरावलेला खेळाडू सावरण्याचा अवयवच कापतो. हवेत असताना शत्रूच्याच अंगावर पाय देऊन पुन्हा उडी घेतली की आधीचा वार तेथेच तुटतो आणि नवा लगेच सुरू होतो. ‘जंप कॅन्सल’ म्हणून ओळखली जाणारी ही युक्ती खेळणाऱ्यांनी घोटून, परस्परांना शिकवून तिचे एक शास्त्रच केले. हिदेआकी इत्सुनो यांनी दिग्दर्शित केलेल्या तिसऱ्या भागात नायकाला निरनिराळ्या शैली मिळाल्या. त्यांतल्या ‘रॉयल गार्ड’ ह्या शैलीत शत्रूचा घाव नेमक्या क्षणी अडवला तर इजा होत नाही. उलट त्याचे बळ साठत जाते आणि पुढे एका ठोशात परत करता येते. क्षण थोडा चुकला की खेळ संपण्याच्या बेतात येतो. २००९ साली कामिया यांनीच, वेगळ्या कंपनीत, ‘बायोनेटा’ केला. त्यात वारांची मालिका चालू असताना मधेच घाव चुकवावा लागला, तरी बटण दाबून धरल्यास मालिका तुटत नाही; चुकवून झाल्यावर ती पुढच्या वारापासून चालू होते. कंसातले उपवाक्य संपवून मुख्य वाक्याची क्रिया गाठावी, तसे हे आहे. संस्कृत गद्याची सवय असलेल्या वाचकाला ह्या युक्तीचे मर्म कळायला खेळ खेळावा लागणार नाही.

येथे एक सावधगिरी हवी. चाली पुष्कळ असणे म्हणजे खोली नव्हे. ती रुंदी झाली. ‘डेव्हिल मे क्राय’च्याच दुसऱ्या भागात, २००३ साली, तोच नायक, तीच पिस्तुले, तशीच तलवार होती, पण दूर उभे राहून गोळ्या झाडीत राहिले तरी बहुतेक शत्रू मरत, आणि ते खेळणाऱ्याला कोणताही प्रश्न विचारीत नसत. प्रश्न न विचारणाऱ्या शत्रूपुढे शंभर चाली असल्या तरी त्या कपाटातल्या कपड्यांसारख्या लटकत राहतात. ‘गॉड ऑफ वॉर’च्या पहिल्या भागात चौकोन, चौकोन, त्रिकोण ही एक त्रिपदी हाताला बसली की बराचसा खेळ तिच्यावर निभावतो. ह्या जातीतले बहुसंख्य खेळ उथळच आहेत. पण बहुसंख्य खंडकाव्येही उथळच होती, आणि त्यावरून कोणी खंडकाव्य ह्या प्रकाराचा निकाल लावीत नाही. खोली येते ती चालींच्या परस्परसंबंधातून, आणि तो संबंध शत्रू भाग पाडतो तेव्हा. २००४ सालच्या ‘निन्जा गायडेन’ची कीर्ती ह्याच गोष्टीवर आहे. त्यातले शत्रू वाट पाहत नाहीत, पाठीमागून येतात, आणि नायकाने बचाव धरून ठेवला तर त्याला धरून आपटतात.

भारतीय काव्यविचारात ह्या सर्वाला एक जवळचे घर आहे, आणि ते फारसे मानाचे नाही. मम्मटाने काव्याची जी प्रतवारी केली तीत ध्वनिकाव्य उत्तम, गुणीभूतव्यंग्य मध्यम आणि चित्रकाव्य अवर. आनंदवर्धनाने तर त्याच्याही आधी चित्राला मुख्य काव्य न मानता काव्याचे अनुकरण म्हटले होते. तरीही भारवीने ‘किरातार्जुनीया’चा पंधरावा सर्ग आणि माघाने ‘शिशुपालवधा’चा एकोणिसावा सर्ग चित्रबंधांनी भरून टाकला. जवळजवळ एकाच व्यंजनाचा श्लोक, उलटसुलट वाचता येणारे चरण, चारही दिशांनी सारखाच वाचला जाणारा सर्वतोभद्र. माघाने तर चक्रबंधात काव्याचे व स्वतःचे नाव गुंफले. आता हे दोन्ही सर्ग कशाचे आहेत? युद्धाचे. प्रेमाचे नव्हेत, ऋतुवर्णनाचे नव्हेत, राजनीतीचेही नव्हेत. सैन्ये भिडतात तेथेच दोन्ही महाकवींना अक्षरांचे डावपेच मांडावेसे वाटले, आणि पुढच्यांनी तो संकेतच करून टाकला. अभ्यासकांनी ह्याची संगती अनेकपरींनी लावली आहे: व्यूहरचनेशी बंधरचनेचे साम्य, पूर्वसूरींशी स्पर्धा, राजसभेतील चमत्कृतीची आवड. त्यांत एका साध्या शक्यतेची भर घालता येईल. लढाईत अर्थ थोडा असतो आणि गती फार. कोणी कोणाला का मारले हे आधीच्या सर्गांत सांगून झालेले असते. उरते ती कशी मारले ह्याची अनंत विविधता. ती विविधता भाषेच्या अर्थाने नव्हे, तर भाषेच्या शरीरानेच दाखवणे शक्य आहे, असे ह्या कवींना वाटले असावे.

मल्लिनाथाने भारवीच्या वाणीला नारळाची उपमा दिली. कवच कठीण, आत गोड गर. ही उपमा इतर सर्गांना शोभते. पंधराव्या सर्गात मात्र कवचाचीच कारागिरी आहे, आणि कवच फोडून गर शोधणारा तेथे निराश होणार. मराठी वाचकाला ही निराशा मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) बाबतीत परिचयाची आहे. त्यांच्या एकशेआठ रामायणांत एक निरोष्ठ रामायण आहे: ओठ न मिटता म्हणता यावे असे, ओष्ठ्य वर्ण वगळून रचलेले. म्हणजे ज्याची कथा सांगायची त्या रामाचे नावच त्यात उच्चारता येत नाही. आधुनिक मराठी टीकेने ह्याला कसरत म्हटले आणि बाजूला ठेवले. कसरत ती आहेच. पण ‘राम’ न म्हणता रामायण सांगणाऱ्याला भाषेच्या सांदीकोपऱ्यांची जी ओळख झाली असेल ती भावकवीला सहसा होत नाही. ही ओळख अर्थाची खोली नव्हे. ती घराची खोली आहे. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल ह्या लयतत्त्वांवर सौंदर्याची मांडणी केली, तेव्हा त्यांना कवायतीचे समर्थन अभिप्रेत नव्हते. परंतु उगारणे, लागणे, सावरणे ह्यांच्या मापांतून तीन शत्रूंमध्ये समतोल राखणारा खेळाडू पाहिला, तर त्याच्या हालचालींत लय नाही असे म्हणणे लयवाद्यालाच जड जाईल.

प्रतिष्ठित जगाने ह्या खेळांकडे पाहण्याची रीत मात्र वेगळी आहे. अमेरिकन चित्रपटसमीक्षक रॉजर ईबर्ट यांनी २०१० साली व्हिडिओ गेम ही कला कधीच होऊ शकत नाही असे लिहिले आणि मोठा वाद माजला. २०१२ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने, म्हणजे ‘मोमा’ने, आपल्या संग्रहासाठी चौदा खेळ निवडले. त्यांत ‘पॅक-मॅन’ आहे, ‘टेट्रिस’ आहे, ‘मिस्ट’ आणि ‘पॅसेज’ आहेत. तलवारीचा एकही नाही. पुढे २०१८ साली ‘गॉड ऑफ वॉर’ नव्या रूपात आला. कॅमेरा नायकाच्या खांद्याशी आणला, उडी मारण्याचे बटण काढून टाकले, सगळा खेळ एका अखंड दृश्यासारखा चित्रित केला, आणि क्रेटॉसबरोबर त्याचा लहान मुलगा दिला. बाप शोक करतो, मुलगा प्रश्न विचारतो, दोघे मिळून आईची राख डोंगरावर नेतात. त्या वर्षाचा सर्वश्रेष्ठ खेळ म्हणून ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये त्याचा गौरव झाला, आणि तो अनाठायी नव्हता. पुढल्या वर्षी ‘डेव्हिल मे क्राय’चा पाचवा भाग आला. तलवारीच्या रचनेचा इतका समृद्ध पट ह्या प्रकारात क्वचितच मांडला गेला असेल. त्याला ‘उत्कृष्ट ॲक्शन गेम’ हे पोटजातीचे पारितोषिक मिळाले. येथे अन्याय झाला असे म्हणण्याचे कारण नाही. पण सन्मान कशाला मिळतो हे स्पष्ट झाले. खेळाने आपले अंग थोडे आवरले आणि कादंबरीचे अंग धारण केले, की त्यात खोली आली असे मानले जाते. साहित्याच्या अभ्यासकांना ह्याने सुखावून जाऊ नये. आरशात स्वतःचेच तोंड दिसले तर आरसा खोल आहे असे होत नाही.

एका केंद्रीय विद्यापीठाच्या वसतिगृहात माघावर प्रबंध लिहिणारा एक मराठी विद्यार्थी राहत असे. एका जुन्या प्लेस्टेशनवर ‘डेव्हिल मे क्राय’चा तिसरा भाग तो रात्री उशिरा खेळे, आणि विभागात ह्याचा पत्ता लागू देत नसे. एकदा पाय मुरगळून तो आठवडाभर अडकून पडला, तेव्हा निवृत्तीला आलेले त्याचे मार्गदर्शक प्रकरणाचा मसुदा घेऊन स्वतःच वसतिगृहात आले. पडदा चालू होता. विद्यार्थी तो घाईने बंद करू लागला, तशी ते म्हणाले, “अरे, असू दे. दाखव तरी काय आहे ते.” अर्धा तास ते खुर्चीत बसून पाहत राहिले. मग विचारले, “हे पुढचं तू आधी ठरवतोस, की हातच ठरवतो?”

“आधी ठरवत होतो, सर. आता हातच करतो. मला नंतर कळतं.”

“म्हणजे रियाज झालाय.” ते थोडे थांबले. “आणि हे मरतायत ते कोण?”

“कुणी नाही, सर. त्यांना नावं नाहीत, फक्त जाती आहेत.”

“माघाच्या सर्वतोभद्रातल्या सैन्यालाही नावं नाहीत,” असे म्हणून त्यांनी मसुदा उघडला आणि एका तळटिपेतला श्लोकक्रमांक चुकल्याचे दाखवले. पुढचा तासभर त्याच विषयावर बोलणे झाले.

त्यांचे ते वाक्य विद्यार्थ्याला लागले, आणि लागावे असेच ते आहे. चित्रबंधात सैनिक अक्षर होतो. त्याचे मरण पाहायचे नसते. तो कोणत्या घरात बसला, उलट्या दिशेने वाचला असता काय होतो, हे पाहायचे असते. खेळातही शत्रू हा प्रश्न असतो, अडथळा असतो, हवेत उडवून धरण्याची वस्तू असतो. रचनेची खोली जसजशी वाढते तसतसा तो अधिक वस्तू होत जातो. नवशिक्याला निदान त्याची भीती वाटते. निष्णाताला तो दिसतच नाही, त्याच्या हालचालीतली फट तेवढी दिसते. ह्या कलेचा हा दोष तिच्या उथळपणातून आलेला नाही, तिच्या सिद्धीतूनच आलेला आहे. म्हणूनच ‘हिंसा आहे म्हणून हीन’ आणि ‘खेळच तो, हिंसा कसली’ ही दोन्ही ठरीव उत्तरे येथे अपुरी पडतात. महाकाव्यापाशी ह्यावर एक उतारा होता. युद्धसर्गाच्या मागेपुढे दुसरे सर्ग असत, माणसांना नावे असत, शिशुपालाला पूर्वजन्म होते. सपासप वारांच्या खेळात एकोणिसावा सर्गच पहिला असतो आणि शेवटचाही.

भरताला हा प्रश्न पडला होता असे ‘नाट्यशास्त्रा’वरून दिसते. रंगभूमीवर शस्त्रे कशी हाताळावीत ह्यासाठी त्याने भारत, सात्वत, वार्षगण्य आणि कैशिक असे चार ‘न्याय’ सांगितले आहेत. पवित्रा कोणता, ढाल कोठे, तलवार कशी फिरवावी, पावले कशी पडावीत, ह्याचे ते नियम आहेत. न्याय हा शब्द तर्कशास्त्रात आणि राज्यव्यवहारात काय अर्थाने वापरतात हे सर्वांना ठाऊक आहे. येथे तो तलवारीच्या चालीला लावलेला आहे. प्रहाराची एक सुसंगत, शिकवता येणारी रीत असते आणि ती पाहण्याजोगी असते, हे भरताने दीड हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी गृहीत धरले होते. आणि लगेच त्याने सांगून ठेवले, की रंगावर खरोखर भेद करायचा नाही, छेद करायचा नाही, रक्त सांडू द्यायचे नाही. प्रहाराची केवळ खूण करायची. गती पूर्ण ठेवायची आणि जखम काढून घ्यायची, ही त्याची तोड होती.

जपानी खेळाने वेगळी तोड काढली. ‘डेव्हिल मे क्राय’मध्ये मेलेल्या सैतानांचे रक्त गोठून त्याचे लाल गोळे होतात. ते जमिनीवर खळखळतात आणि नायकाकडे आपोआप ओढले जातात. हे गोळे ह्या जगातले चलन आहे. दालने पार करताना वाटेत काळदेवतेची मूर्ती लागते. तिच्यापुढे ते मोजून द्यायचे आणि त्यांच्या बदल्यात नवी चाल शिकायची.